ओळ ओलांडून शोधणारे सुकथनकर

महाभारताची पोथी घरात ठेवू नये, ठेवली तर भावाभावांत भांडणे लागतात, अशी आपल्याकडे एक जुनी समजूत आहे. गीता देव्हाऱ्यात, रामायण कपाटात आणि महाभारत मात्र देवळात किंवा वाचनालयात, अशी वाटणी कित्येक घरांनी करून टाकलेली असते. समजूत खरी की खोटी, तो वाद बाजूला ठेवू. परंतु तिच्यात एक गोष्ट आपण नकळत गृहीत धरलेली असते. महाभारत नावाची एक ठरलेली पोथी आहे आणि तीच सगळीकडे आहे, असे आपण धरून चालतो. वस्तुस्थिती तशी नव्हती. काश्मीरच्या शारदा लिपीतले महाभारत आटोपशीर, दक्षिणेकडचे ऐसपैस, बंगालचे आणखी निराळे. एका पोथीत असलेली कथा दुसरीत नसे, श्लोकांचा क्रम बदललेला असे, आणि एकाच श्लोकातले शब्द पोथीपोथीत वेगळे असत. घरातल्या भावांचे राहू द्या, पोथ्यापोथ्यांचेच भांडण शेकडो वर्षे चालू होते.

ते मिटवण्याचे काम ज्यांनी अंगावर घेतले आणि त्यातच आयुष्याची शेवटची सतरा वर्षे वेचली, ते डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली, हे मराठी माणसाला अभिमानाने ठाऊक असते. ती कशी निघाली, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही.

आज त्यांची आठवण काढायला आणखी एक कारण आहे. हल्ली शाळकरी मुलेही संगणकावर एखादा शब्द टाकून हजारो पानांतून तो क्षणात शोधून काढतात. नेमका शब्द ठाऊक नसला तर शब्दाचा नुसता साचा देऊन शोधण्याची विद्याही आता घरोघरी पोहोचली आहे. पण मजकूर ओळीच्या टोकाला तुटला आणि उरलेला भाग खालच्या ओळीत गेला, की भलेभले शोध फसतात. सुकथनकरांनी असा संगणक जन्माला येण्याआधी, कागद, लेखणी आणि शास्त्रीबुवांच्या डोळ्यांच्या बळावर, जवळजवळ हाच प्रश्न सोडवला होता.

गणिताकडून व्याकरणाकडे

सुकथनकरांचा जन्म ४ मे १८८७ रोजी मुंबईत झाला. सुरुवातीचे शिक्षण मुंबईतच झाले आणि पुढे ते केंब्रिजच्या सेंट जॉन्स महाविद्यालयात गेले. विषय होता गणित. त्या काळी विलायतेला गेलेला हुशार मुलगा परत येताना एक तर बॅरिस्टर होऊन यायचा, नाहीतर आय. सी. एस. होऊन. सुकथनकर यांपैकी काहीच झाले नाहीत. गणिताची पदवी घेऊन ते जर्मनीला गेले आणि बर्लिनला हाइन्रिख ल्यूडर्स या संस्कृत पंडिताच्या हाताखाली बसले.

हे ल्यूडर्स म्हणजे साधे अध्यापक नव्हते. मध्य आशियातल्या वाळवंटात सापडलेल्या ताडपत्रांच्या चिंध्या जुळवून त्यांनी अश्वघोषाच्या नाटकाचे अवशेष वाचले आणि १९११ मध्ये प्रसिद्ध केले होते. अर्धी ओळ या तुकड्यावर, उरलेली अर्धी कुठल्या तरी दुसऱ्या तुकड्यावर, आणि मधले पान वाळूत गेलेले. अशा मजकुरात वाचणाऱ्याने ओळीवर विसंबून चालत नाही. वृत्त काय सांगते, व्याकरण काय सांगते, संदर्भ काय सांगतो, हे पाहत तुटलेल्या टोकापासून पुढच्या टोकापर्यंत पूल बांधावा लागतो. सुकथनकरांनी ही विद्या तिच्या उगमाशी बसून घेतली.

त्यांच्या प्रबंधाचा विषय होता जैन वैयाकरण शाकटायन याच्या व्याकरणातला पहिल्या अध्यायाचा पहिला पाद. हा प्रबंध १९२१ मध्ये लाइपझिगला छापला गेला. गणिताच्या विद्यार्थ्याने व्याकरण का निवडले, असे कोणाला वाटेल. ज्यांनी शाळेत संस्कृत घेतले असेल त्यांना याचे उत्तर सहज सुचेल. पाणिनीच्या परंपरेत अच् म्हटले की सगळे स्वर आले, हल् म्हटले की सगळी व्यंजने आली. एका अक्षरावर थांबायचे नाही, अक्षरांच्या गटावर नियम करायचा. अमुक गटातले अक्षर आधी आले आणि तमुक गटातले पुढे आले, तर मध्ये असा बदल करा, असे ते सूत्र सांगते. बीजगणितात क्ष म्हणजे कुठलीही संख्या, तसेच हे. संगणकावर शब्दांचा साचा लिहून शोधणारी आजची मंडळी काही निराळे करीत नाहीत. त्यांच्या साच्यातही एक खूण सगळ्या अंकांसाठी असते, एक सगळ्या अक्षरांसाठी, एक मोकळ्या जागेसाठी.

परत आल्यावर सुकथनकरांनी काही वर्षे पुरातत्त्व खात्यात काम केले. शिलालेख आणि ताम्रपट वाचणे हे त्यातले मुख्य. आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्यात पोरुमामिळ्ळ येथे तलावाविषयी शके १२९१ चा एक लेख आहे. तलाव चांगला व्हायला कोणत्या बारा गोष्टी लागतात, हे त्यात सांगितले आहे. हा लेख वाचून प्रसिद्ध करणारे सुकथनकरच. कोरीव लेखात पाथरवटाला शब्द पुरा होण्याशी कर्तव्य नसते. दगडाची कड आली की ओळ संपली, मग शब्द अर्ध्यावर असो की अक्षर जोडायचे राहो. ओळ ही जागेची सोय आहे, अर्थाची नव्हे, हा धडा पाषाणावरच गिरवून झाला होता.

पुढे त्यांनी भासाच्या नाटकांचा अभ्यास केला. १९१२ पासून तिरुवनंतपुरमला गणपतिशास्त्र्यांनी ही नाटके छापायला सुरुवात केली होती आणि ती खरोखर भासाची की नाही यावर विद्वानांत रण माजले होते. सुकथनकरांनी कोणाचा झेंडा न घेता नाटकांतली भाषा, वृत्ते आणि प्राकृत रूपे एकेक करून तपासली. स्वप्नवासवदत्ताचे त्यांचे इंग्रजी भाषांतर १९२३ मध्ये निघाले. तोवर त्यांचे वय छत्तीस झाले होते. गणित, व्याकरण, शिलालेख, नाटक अशी ही वाट बाहेरून पाहणाऱ्याला भरकटलेली वाटली असती. पुढच्या कामाकडे पाहिले म्हणजे कळते, की त्यासाठी लागणारे एकेक हत्यार ते गोळा करीत आले होते.

पुण्यातली नवी मांडणी

महाभारताची शुद्ध आवृत्ती काढावी ही कल्पना मुळात युरोपातली. १८९७ मध्ये पॅरिसला भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेत विंटरनिट्झ यांनी ती आग्रहाने मांडली. १९०८ मध्ये खुद्द ल्यूडर्स यांनी अशा आवृत्तीच्या काही पानांचा नमुना छापून दाखवला. पुढे पहिले महायुद्ध पेटले आणि युरोपातल्या अकादमींचा तो बेत त्यात बुडाला.

इकडे पुण्यात ६ जुलै १९१७ रोजी भांडारकर संस्था स्थापन झाली. पुढच्याच वर्षी औंधचे श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी महाभारताच्या कामासाठी एक लाख रुपयांचे आश्वासन दिले. १ एप्रिल १९१९ रोजी सर रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या हातून कामाचा आरंभ झाला. १९२३ मध्ये उटगीकरांनी विराटपर्वाची एक चाचणी आवृत्ती काढून विद्वानांपुढे ठेवली. काम किती अवघड आहे हे त्यावरून सगळ्यांना नीट कळले. आणि १९२५ च्या ऑगस्टमध्ये प्रमुख संपादक म्हणून सुकथनकर आले. गुरूने ज्याचा नमुना छापला होता ते काम शिष्याने पुण्यात पुरे करावे, हा योग कोणी आखून आणलेला नव्हता.

त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे कामाची मांडणी बदलली. पोथ्या पुष्कळ जमल्या होत्या, आणखी येत होत्या. केवळ आदिपर्वाच्या दोनशेहून अधिक पोथ्यांची माहिती हाती आली होती. त्यांतल्या सुमारे साठ निवडून प्रत्यक्ष वापरायच्या ठरल्या. बंगाली पोथ्यांसाठी शांतिनिकेतनची विश्वभारती आणि दक्षिणेकडच्या पोथ्यांसाठी तंजावरचे सरस्वती महाल ग्रंथालय, अशी दोन केंद्रेही मदतीला होती. साठ पोथ्या समोर उघडून एकदम वाचणे कोणालाही शक्य नाही. मग करायचे काय?

चौकटीतली अक्षरे

सुकथनकरांच्या देखरेखीखाली जी पद्धत रूढ झाली ती ऐकायला साधी आहे. प्रत्येक श्लोकासाठी एक वेगळा कागद. कागदावर उभ्याआडव्या रेघा मारून चौकटी पाडलेल्या. सगळ्यांत वर, प्रचलित छापील आवृत्तीतला श्लोक, एका चौकटीत एक अक्षर असा लिहायचा. त्याखाली एकेका पोथीसाठी एक आडवी रांग. पोथीतला पाठ वरच्यासारखाच असेल तर काही लिहायचे नाही. जिथे फरक असेल तिथे, नेमक्या त्या अक्षराच्या चौकटीखाली, पोथीतले अक्षर भरायचे. काम करणारे खास तयार केलेले शास्त्री आणि पदवीधर. कागद पुरा झाला की उभे वाचायचे. एका अक्षराच्या खाली किती पोथ्या गप्प आहेत, किती बोलत आहेत आणि काय बोलत आहेत, ते एका नजरेत दिसे.

मी बँकेत नोकरी केली ती खातेवह्यांच्या काळात. तेव्हा प्रत्येक पानाच्या तळाशी पुढे नेलेली बाकी आणि पुढच्या पानाच्या माथ्यावर मागून आणलेली बाकी, असा रिवाज होता. व्यवहार एकच, पण तो दोन पानांत विभागला गेलेला. तपासनीस कच्चा असेल तर प्रत्येक पान स्वतंत्रपणे बरोबर ठरवी आणि तरीही ताळेबंद जुळत नसे, कारण घोळ पानात नसून दोन पानांच्या सांध्यावर असे. सुकथनकरांच्या चौकटींकडे पाहिले की मला त्या सांध्यांची आठवण होते. पोथीत लिहिणाऱ्याने ओळ कुठे मोडली, पान कुठे उलटले, ताडपत्राच्या मधल्या दोरीच्या भोकासाठी जागा कुठे सोडली, हे सगळे या कागदावर येताना गळून पडे. उरत असे तो श्लोक, सलग.

ही ओळमोड निरुपद्रवी नसते, हे इथे सांगितले पाहिजे. हाताने नक्कल करणाऱ्याची एक ठरलेली चूक आहे. तो मूळ पोथीत एक शब्द पाहतो, मान वळवून आपल्या पानावर तो लिहितो, आणि पुन्हा मूळ पोथीकडे पाहताना तोच शब्द दोन ओळी खाली दिसला की तिथून पुढे लिहू लागतो. मधल्या दोन ओळी गेल्या. त्याला पत्ता नाही, वाचणाऱ्यालाही नाही, कारण वाक्य वरवर जुळलेले असते. पुढे त्या पोथीवरून जेवढ्या नकला होतील त्या सगळ्यांत ती पोकळी उतरते. चौकटीच्या कागदावर मात्र अशी पोकळी लपत नाही. बाकीच्या पोथ्या जिथे नुसत्या होकार देत असतात तिथे एका रांगेत श्लोकच नसतो. ही गळती आहे की उरलेल्या पोथ्यांतली भर आहे, एवढेच मग ठरवायचे राहते.

यंत्राचा डोळा

आता पुण्याहून थोडे आमच्या ट्रॉम्ब्याला येऊ. १९६९ मध्ये इथल्या भाभा अणुसंशोधन केंद्रात टीडीसी-१२ नावाचा संगणक तयार झाला. टीडीसी म्हणजे ट्रॉम्बे डिजिटल कॉम्प्युटर. त्याच्या आदल्या वर्षी, १९६८ मध्ये, अमेरिकेत केन थॉम्पसन यांनी मजकुरातून साचा शोधण्याची एक झटपट रीत प्रसिद्ध केली होती. अशा साच्याला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. त्यामागचे गणित स्टीफन क्लीनी यांनी १९५० च्या दशकात मांडले होते, तेही मज्जापेशींच्या जाळ्याचा विचार करताना. त्या काळच्या यंत्रांची स्मरणशक्ती तुटपुंजी असे आणि टंकयंत्रासारख्या साधनावर एकेक ओळ छापून काम चाले. त्यामुळे मजकूर ओळीओळीने हाताळायचा आणि शोधही ओळीओळीने घ्यायचा, अशी वहिवाट पडली. यंत्रे मोठी झाली, वहिवाट राहिली.

शेजारच्या इमारतीत संगणकाचे शिक्षण घेणारी एक मुलगी राहते. काका, तुम्हाला गंमत दाखवते, असे म्हणून तिने मला हे प्रत्यक्ष करून दाखवले. एका ओळीच्या शेवटी धृत आणि दुसरीच्या आरंभी राष्ट्र असा मजकूर तिने टेक्स्ट एडिटरमध्ये लिहिला. धृतराष्ट्र हा शब्द शोधला, तर सापडला नाही. मग तिने धृत.*राष्ट्र असा साचा दिला. टिंब म्हणजे कोणतेही एक अक्षर, चांदणी म्हणजे ते कितीही वेळा. तरी सापडला नाही! कारण कोणतेही अक्षर म्हणताना ते टिंब ओळ संपल्याची अदृश्य खूण तेवढी वगळते. त्या टिंबाला ओळ ओलांडायची मुभा दिली तर दुसरेच संकट. साचा हावरा आहे. पहिल्या धृतपासून सुरू झाला तो पर्वातल्या अगदी शेवटच्या राष्ट्रपर्यंत सगळे गिळून आला.

मग तिने लिहिले धृत[^।]*राष्ट्र. याचा अर्थ असा, की धृत आणि राष्ट्र यांच्यामध्ये दंड सोडून काहीही चालेल. ओळ मोडली तरी चालेल, जागा सुटली तरी चालेल, पण दंड ओलांडायचा नाही. शब्द लगेच सापडला. काही एडिटरांत एवढ्याने भागत नाही, ओळमोडीची खूण निराळी लिहून द्यावी लागते, हेही तिने सांगितले. परंतु त्यातले मर्म माझ्या ध्यानात राहिले. यंत्राला ओळीच्या पलीकडे न्यायचे असेल तर नुसते मोकळे सोडून भागत नाही. ओळीऐवजी खरी सीमा कोणती, ते आपल्याला ठाऊक असावे लागते. श्लोकाची सीमा दंड आहे. सुकथनकरांनी दर श्लोकाला एक कागद दिला तेव्हा त्यांनी हीच सीमा आखली होती.

भांडारकर आवृत्तीची संहिताही आता संगणकावर आहे. जपानचे मुनेओ तोकुनागा यांनी ती यंत्रात उतरवली आणि केंब्रिजचे जॉन स्मिथ यांनी ती तपासून सुधारली. त्यात प्रत्येक ओळीच्या आरंभी पर्व, अध्याय, श्लोक दाखवणारा आकडा असतो. दोन ओळींवर पसरलेले काही शोधायचे तर साच्याला तो आकडाही ओलांडावा लागतो.

भृगूंचा माग

या शोधाची खरी ताकद आणि खरी मर्यादा सुकथनकरांच्याच एका कामात दिसते. महाभारत ही भरतवंशाची कथा. मग तिच्यात भृगुकुळाच्या इतक्या कथा का, असा प्रश्न त्यांना पडला. और्व, च्यवन, जमदग्नी, परशुराम. कुठे उपाख्यान, कुठे दोन श्लोकांचा उल्लेख, कुठे नुसती उपमा. कौरव-पांडवांच्या वैराशी यांचा थेट संबंध नाही. सुकथनकरांनी पर्वापर्वांतून ते सगळे उल्लेख गोळा केले आणि ओळीने मांडले. हा दीर्घ लेख १९३६ च्या सुमारास संस्थेच्या नियतकालिकात आला. मुळातल्या वीरगाथेवर भृगूंचा हात फिरलेला असावा आणि तिला धर्मशास्त्राचे रूप येण्यात त्यांचा वाटा मोठा असावा, असे त्यांनी त्यातून सुचवले. त्यावर आजही वाद चालतात.

आज हा माग काढायचा तर भृगु|भार्गव|जामदग्न्य असा साचा दिला की काम भागेल असे वाटते. त्या उभ्या रेघांचा अर्थ हे किंवा ते किंवा ते. यंत्र क्षणात शेकडो ओळी पुढे टाकील. पण महाभारतात परशुरामाला पुष्कळदा नुसते राम म्हटलेले असते. बलरामही राम, आणि वनपर्वात तर दाशरथी रामाची अख्खी कथा आहे. यातला भृगूंचा राम कोणता, हे कोणत्याही साच्यात लिहिता येत नाही. त्यासाठी श्लोक वाचावा लागतो, मागचापुढचा अध्याय वाचावा लागतो. सुकथनकरांनी तो वाचला होता.

नागमोडी रेघ

१९२७ मध्ये आदिपर्वाचा पहिला भाग निघाला आणि १९३३ मध्ये ते पर्व पुरे झाले. त्याला जोडलेल्या प्रस्तावनेत सुकथनकरांनी आपली सारी तत्त्वे मांडली. त्यातले मुख्य असे, की एकमेकींशी संबंध न आलेल्या दोन परंपरा जिथे एकच पाठ देतात तिथे तो पाठ जुना धरायचा. काश्मीर आणि केरळ यांनी संगनमत केलेले नाही, तेव्हा दोघांची साक्ष जुळली तर ती मानायची. गणिती माणसाचाच हा विचार. आणि दुसरे असे, की हे व्यासांनी उच्चारलेले मूळ शब्द आहेत असा दावा करायचा नाही. हाती असलेल्या पोथ्यांवरून जेवढे मागे जाता येते तेवढे मागे गेलेले हे रूप, एवढेच म्हणायचे.

या कसोटीत काही लाडक्या गोष्टी गळाल्या. व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहून घेतले, ही कथा आपल्या सगळ्यांच्या मनात घर करून बसलेली. पोथ्यांची साक्ष पुरेशी नव्हती म्हणून ती मूळ संहितेतून निघून परिशिष्टात गेली. टाकून मात्र दिली नाही. जे जे बाहेर काढले ते सगळे तळटिपांत किंवा परिशिष्टांत जपून ठेवले, कोणत्या पोथीत आहे त्या नोंदीसह. पुढच्या माणसाला संपादकाचा निर्णय पटला नाही तर त्याने सगळा पुरावा पुन्हा मांडून पाहावा, अशी ही व्यवस्था आहे.

टीका झालीच. फ्रेंच पंडित सिल्व्हँ लेवी यांना वाटत होते, की नीलकंठाच्या टीकेबरोबर चालत आलेली प्रचलित संहिताच छापावी आणि पाठभेद खाली द्यावेत. एवढ्या मोठ्या पंडिताचा आक्षेप सुकथनकरांनी टाळला नाही. प्रस्तावनेत त्याला मुद्देसूद उत्तर दिले. उलट बाजूचे बळही मिळाले. आवृत्ती निघाल्यावर नेपाळमधून आदिपर्वाची एक फार जुनी पोथी उजेडात आली. सुकथनकरांनी तिच्यावर स्वतंत्र लेख लिहिला. त्यांनी ज्या भागांना प्रक्षिप्त ठरवले होते त्यांतले पुष्कळ त्या पोथीतही नव्हते. न पाहिलेल्या साक्षीदाराने येऊन हिशोब बरोबर असल्याचे सांगावे, असा तो प्रकार होता.

परंतु या आवृत्तीतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अगदी लहान आहे. छापलेल्या श्लोकात मधूनमधून काही अक्षरांखाली नागमोडी रेघ दिसते. ही संपादकाची खूण. इथे साक्षी पुरत नाहीत, मी एक पाठ निवडला आहे पण तो पक्का समजू नका, असा तिचा अर्थ. आयुष्य घालवलेल्या माणसाने आपल्या निर्णयाखाली स्वतः संशयाची रेघ ओढावी, आणि तीही शेकडो ठिकाणी, याला मोठे मन लागते.

चौथे व्याख्यान

१९४२ मध्ये त्यांनी स्वतः संपादित केलेले आरण्यकपर्व दोन खंडांत निघाले. इतकी वर्षे अक्षरांत बुडालेल्या या माणसाला अखेरीस ग्रंथाच्या अर्थाविषयी बोलावेसे वाटले. मुंबई विद्यापीठाच्या वतीने चार व्याख्याने ठरली. महाभारत ही एका घराण्याच्या भांडणाची कथा आहे, तशीच ती धर्माधर्माची आणि माणसाच्या आतल्या झगड्याचीही आहे, हे थरावर थर उलगडत न्यायचा त्यांचा बेत होता. तीन व्याख्याने झाली. चौथे व्हायच्या आतच, २१ जानेवारी १९४३ रोजी, ते गेले. वय अवघे पंचावन्न. लिहून ठेवलेल्या चौथ्या व्याख्यानासह ती व्याख्याने १९५७ मध्ये मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने पुस्तकरूपाने काढली.

काम थांबले नाही, कारण पद्धत त्यांच्या एकट्याच्या डोक्यात नव्हती, ती कागदावर आखलेली होती. श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि पुढे परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी धुरा घेतली. २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत कार्यपूर्तीचा सोहळा झाला. एकूण १९ खंड, आणि त्यांसाठी पाहिलेल्या पोथ्या बाराशेंहून अधिक. पुढे श्लोकांच्या चरणांची सूचीही सहा खंडांत निघाली. गणितज्ञ दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९४६ मध्ये महाभारतातल्या पर्वसंग्रहाचे आकडे तपासणारा लेख लिहिला आणि भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती १९४८ मध्ये काढली. गणितातून पोथ्यांकडे जाणारी वाट सुकथनकरांनंतर ओस पडली नाही.

आज मुले संगणकावर बसून जो शोध डोळ्याचे पाते लवण्याआधी घेतात, त्यासाठी त्यांना समोर एक सलग, तपासलेली संहिता तयार मिळते. ती सलग कोणी केली, हे त्या पडद्यावर कुठे दिसत नाही. दिसत नाही अशी आणखीही एक गोष्ट आहे. संगणकातल्या नुसत्या संहितेत नागमोडी रेघ उरलेली नाही. यंत्राला सगळी अक्षरे सारखीच खात्रीची. म्हणून कधी पुण्याला जाणे झाले, तर भांडारकर संस्थेच्या ग्रंथालयात आदिपर्वाचा पहिला खंड मागून घ्यावा आणि कुठलेही पान उघडून ती रेघ पाहावी. सोबत नातवंडे असतील तर त्यांनाही दाखवावी.